दार उघडण्याआधी पोहोचावं का?

वऱ्हाडात सहल ठरली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, पाह्यटीस निंघू, ऊन चढायच्या आत पोहोचू, नंबर लवकर लागेल. दुसरा म्हणतो, सुट्टीच्या दिवशी तरी लेकरांना झोपू द्या, दोन तासांनी काय बिघडतं? अकोल्याहून शेगावला जायचं असो, अमरावतीहून नागपूर रस्त्यावरच्या वॉटर पार्कला, की रात्रभर रेल्वेनं प्रवास करून खोपोलीच्या इमॅजिकाला, वाद तोच असतो. आणि तो दरवेळी घरात ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूनं सुटतो. खरं तर या वादाचं उत्तर मोजून देता येतं. रांगेचं एक शास्त्र आहे, शंभराहून अधिक वर्षांचं आहे, आणि ते घरच्या हिशेबाइतक्या साध्या बेरीज-वजाबाकीवर उभं आहे.

उत्तर आधी सांगतो, मग त्याच्या खोलात जाऊ. लवकर जाणं फायद्याचं असतं, पण लवकर कशाच्या आधी, हे घड्याळावरून ठरत नाही. ते गर्दी कशी येते यावरून ठरतं.

एक पार्क डोळ्यांसमोर आणा. त्यात एकच मोठा रोलर कोस्टर आहे आणि तो तासाला 600 माणसं फिरवतो. दार सकाळी दहाला उघडतं. दहा ते अकरा या तासात 400 माणसं येतात. कोस्टरची ताकद 600 ची, त्यामुळे रांग बनतच नाही. आला तो बसला. अकरा ते बारा 1,000 माणसं येतात. 600 फिरून निघतात, 400 उभी राहतात. बारा ते एक पुन्हा 1,000 येतात, आणि रांग 800 ची होते. दुपारी एकनंतर लोंढा थांबतो. आता तासाला 600 च येतात, म्हणजे कोस्टरला झेपतील तेवढीच. मग रांगेचं काय होतं? काहीच होत नाही. ती 800 चीच राहते. एक वाजता येणारा 80 मिनिटं उभा राहतो, तीनला येणाराही 80 मिनिटंच. लोंढा कधीच ओसरलेला असतो, पण त्यानं मागे ठेवलेली रांग दुपारभर प्रत्येक नव्या माणसाच्या वाट्याला येते.

थीम पार्कातली सगळी गंमत आणि सगळा वैताग या एका गोष्टीत आहे. येणारे कमी झाले म्हणून रांग आटत नाही. येणारे कोस्टरच्या ताकदीपेक्षाही कमी झाले तरच ती आटू लागते, आणि ते बहुधा संध्याकाळी घडतं.

याच आकड्यांत दोन्ही पक्षांचा निवाडाही आहे. सव्वादहाला येणारा आणि पावणेअकराला येणारा यांच्यात काडीचा फरक नाही. दोघांनाही रांग नाही. म्हणजे पहिल्या तासाच्या आत आणखी लवकर येण्यासाठी धडपडून काही हाती लागत नाही. पण अकरानंतर चित्र पालटतं. तिथून पुढे दर पंधरा मिनिटांच्या उशिराला रांगेतली दहा मिनिटं वाढत जातात. एका राईडची ही गोष्ट. दिवसात अशा पाच-सहा राईड करायच्या असतील तर घरून निघताना केलेला पाऊण तासाचा आळस दिवसभरात कितीतरी मोठा होऊन बसतो. ज्या आजी ‘लवकर निंघा बापा’ म्हणून डोकं खातात, त्यांचं म्हणणं या हिशेबात बसतं.

हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी काम करणाऱ्या आग्नर क्रारुप एर्लांग या डॅनिश गणितज्ञानं. त्याच्यापुढचा प्रश्न असा, की शहरात इतके लोक फोन लावणार असतील तर किती तारा आणि किती ऑपरेटर ठेवले म्हणजे लोकांना फार ताटकळावं लागणार नाही? 1909 मध्ये त्यानं यावरचा पहिला लेख लिहिला, आणि रांगेच्या गणिताची सुरुवात तिथून मानतात. एर्लांगचा जन्म 1 जानेवारी 1878 चा. त्याच वर्षी 23 फेब्रुवारीला गजानन महाराज शेगावात प्रथम दिसले, असं भक्त मानतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण शेगावच्या दर्शनबारीत उभं असताना मला हा योगायोग आठवतो आणि बरं वाटतं.

एर्लांगनंतर अर्ध्या शतकानं, 1961 मध्ये, जॉन लिटल या अमेरिकन संशोधकानं एक नियम सिद्ध केला. तो इतका सोपा आहे की पाचवीतलं पोरगं वापरू शकतं. रांगेतली माणसं भागिले दर मिनिटाला आत जाणारी माणसं, म्हणजे तुमची वाट पाहण्याची वेळ. पार्कात रांगेशी पोहोचलात की लगेच आत शिरू नका. कोस्टरच्या एका फेरीत किती माणसं बसतात ते पाहा, दोन फेऱ्यांमध्ये किती वेळ जातो ते घड्याळावर मोजा. एका फेरीत 28 माणसं आणि तीन मिनिटांनी एक फेरी, तर मिनिटाला नऊ-साडेनऊ माणसं. पुढे 300 दिसतायत, म्हणजे अर्ध्या तासाच्या थोडं वर. रांग लांब दिसते म्हणून घाबरायचं नाही आणि आखूड दिसते म्हणून भुलायचं नाही. लहान मुलांच्या राईडची वीस माणसांची रांग कधीकधी मोठ्या कोस्टरच्या दोनशेंच्या रांगेपेक्षा जास्त वेळ खाते, कारण तिथं एका वेळी चारच लेकरं बसतात आणि प्रत्येकाला पट्टा बांधून द्यावा लागतो.

आता शेगावला येऊ. शेगाव बुलढाणा जिल्ह्यात असलं तरी अकोल्याहून चाळीसेक किलोमीटरवर, मुंबई–हावडा मार्गावरचं स्टेशन. अमरावतीकर बडनेऱ्याहून गाडी पकडतात. इथं गर्दी कशी येते ते पाहिलं तर लवकर जाण्याचा अर्थ एकदम स्पष्ट होतो. बागेत किंवा बाजारात माणसं सुटीसुटी येतात. शेगावला ती गाडीनं येतात. एक पॅसेंजर किंवा एक्स्प्रेस स्टेशनात लागली की शेकडो माणसं एकाच वेळी उतरतात, रिक्षा आणि बसनं एकाच वेळी मंदिराकडे सरकतात आणि दर्शनबारीत एकाच वेळी उभी राहतात. कागदावरचा तासाला 400 आणि 1,000 चा हिशेब इथं चालत नाही; इथं रांग गाडीच्या वेळापत्रकाप्रमाणे वाढते. म्हणून मोटारीनं येणाऱ्या अकोल्याच्या कुटुंबानं सकाळी सहाला निघावं की सातला, याचं उत्तर भुसावळकडून आणि बडनेऱ्याकडून येणाऱ्या गाड्या शेगावला कधी लागतात यात आहे. गाडी यायच्या दहा मिनिटं आधी दर्शनबारीत शिरलेला माणूस आणि दहा मिनिटांनी शिरलेला माणूस यांच्यात वीस मिनिटांचा फरक नसतो, अख्ख्या गाडीचा फरक असतो.

ज्यांचा मुक्काम गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासात आहे त्यांना हा प्रश्नच नाही. ते पहाटेच्या काकड आरतीच्या सुमारास चालत मंदिरात पोहोचतात. परदेशातल्या थीम पार्कांनी हीच गोष्ट व्यवहारात आणली. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये तिथल्याच हॉटेलांत उतरलेल्या पाहुण्यांना इतरांपेक्षा अर्धा तास आधी आत सोडतात, आणि तो अर्धा तास हे त्या महागड्या खोल्यांचं एक मोठं आकर्षण आहे. शेगावात मुक्कामाचा भक्त तो अर्धा तास अगदी माफक दरात मिळवतो.

शेगावची दर्शनबारी मला आणखी एका कारणानं महत्त्वाची वाटते. रांगेत माणूस किती मिनिटं उभा राहिला यापेक्षा ती मिनिटं कशी गेली, याला फार किंमत असते. डेव्हिड मेस्टर यांनी 1985 मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. रिकामा वेळ लांब वाटतो, किती वेळ लागेल ते माहीत नसलं की तो आणखी लांब वाटतो, आणि कुणी मधे घुसून अन्याय झाला तरी लांब वाटतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. शेगावच्या सेवाधाऱ्यांनी हा निबंध वाचलेला असण्याचं कारण नाही. पण तिथं जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, स्वच्छता, शिस्त आणि प्रत्येकाला ‘माऊली’ म्हणून दिलेली हाक यांचीच आठवण आधी निघते. रांग किती लांब होती, हे नंतर. शिवाय ज्यांना समाधीपर्यंत जाणं शक्य नाही त्यांच्यासाठी मुखदर्शनाची वेगळी, आखूड वाट आहे. म्हातारी माणसं, कडेवर पोर असलेली बाई, परतीची गाडी गाठायची असलेला माणूस यांना ती सोय मोठा आधार देते. एकाच दारावर सगळ्यांना लोटण्यापेक्षा दोन वाटा करणं, हे साधं शहाणपण आहे.

याच संस्थाननं, शिवशंकरभाऊ पाटील यांच्या नेतृत्वाखाली, या शतकाच्या सुरुवातीला आनंद सागर उभं केलं. खारपाणपट्ट्यातल्या, पाण्याला तरसणाऱ्या गावात मोठा तलाव, मधल्या बेटावर कन्याकुमारीच्या विवेकानंद स्मारकाची आठवण देणारं ध्यानकेंद्र, गर्द झाडी, लहान मुलांची झुकझुक गाडी, संध्याकाळी संगीत कारंजं. अकोला-अमरावतीच्या कितीतरी शाळांची पोरं आयुष्यात पहिल्यांदा अशा ठिकाणी गेली ती इथंच. पुढे मनोरंजनाचा भाग बंद झाला. ज्या पिढीनं ते पाहिलं तिला त्याची हळहळ आहे, मलाही आहे. एवढ्या मायेनं राखलेलं सार्वजनिक ठिकाण वऱ्हाडात दुसरं नव्हतं.

आनंद सागरच्या बाबतीत लवकर जाण्याचा सल्ला मात्र निम्माच लागू पडायचा. जवळजवळ प्रत्येकजण आधी दर्शन, मग प्रसाद, आणि मग आनंद सागर याच क्रमानं जायचा. त्यामुळे सकाळची रांग मंदिरात असायची आणि दुपारनंतर तीच माणसं बागेत उतरायची. झुकझुक गाडीत बसायचं तर दुपारच्या आत जाणं शहाणपणाचं. पण कारंजं संध्याकाळीच सुरू व्हायचं, आणि मोकळ्या जागेत हजारो माणसं ते एकाच वेळी पाहू शकायची. ते पाहायला लवकर जाऊन काही मिळत नव्हतं. कोणत्याही पार्कात शिरताना हा भेद करावा. जिथं एका वेळी थोडी माणसं मावतात तिथं आधी पोहोचण्याला किंमत आहे. जिथं एकाच वेळी सगळे मावतात, म्हणजे शो, कारंजं, लाटांचा तलाव, मिरवणूक, तिथं आपला सकाळचा मौल्यवान तास घालवू नये.

लवकर जाण्यातला खरा धोका वेगळाच आहे, आणि वऱ्हाडाला तो पुस्तकातून शिकावा लागत नाही. राज्यात 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. हंगामात कापूस संकलन केंद्रांबाहेर बैलबंड्यांच्या आणि ट्रॅक्टरांच्या लांबच लांब रांगा लागत. सकाळी लवकर गेलं तर नंबर लवकर लागतो, हे एकाला कळलं की सगळ्यांना कळतं. मग सकाळची पहाट होते, पहाटेची आदली रात्र होते, आणि शेतकरी थंडीत बंडीखाली घोंगडी अंथरून झोपतो. केंद्राचा वेग मात्र तेवढाच राहतो. ग्रेडर एक, वजनकाटा एक. सगळेच लवकर आल्यानं एकाही क्विंटलाचं माप आधी होत नव्हतं, फक्त सगळ्यांच्या रात्री जात होत्या.

1983 मध्ये अमिहाय ग्लेझर आणि रेफाएल हासिन या दोघांनी याच प्रकाराचं गणित मांडलं. दार ठरावीक वेळी उघडतं, प्रत्येकाला कमीत कमी ताटकळायचं आहे आणि प्रत्येकजण इतरांचा विचार करून आपली वेळ ठरवतो, असं त्यांनी धरलं. निष्कर्ष असा निघाला की लोक दार उघडण्याच्या आधीपासूनच येऊ लागतात, आणि शेवटी लवकर येणारा काय, उशिरा येणारा काय, सगळ्यांच्या वाट्याला येणारी सरासरी प्रतीक्षा सारखीच होते. म्हणजे सगळेच हुशार झाले तर हुशारीचा फायदा उरत नाही. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञानं 1969 मध्ये सकाळी ऑफिसला जाणाऱ्या गाड्यांबद्दल असाच विचार केला होता. अरुंद पुलावर गर्दी असते तेव्हा मधल्या वेळेला निघणारा आपली किंमत रांगेत मोजतो, आणि फार लवकर निघणारा ती झोपमोडीत मोजतो; फुकट कुणालाच काही मिळत नाही. विक्री यांना 1996 मध्ये नोबेल जाहीर झालं आणि तीन दिवसांत त्यांचं निधन झालं.

मग लवकर निघण्यात अर्थ उरतो का? उरतो, कारण सगळी माणसं सारखी नसतात. ज्याला लवकर पोहोचणं इतरांपेक्षा स्वस्त पडतं, त्याला ते फायद्याचं आहे. आणि इथं वऱ्हाडकरांची एक बाजू अशी आहे की ती मुंबई-पुण्याच्या माणसाला सहज सुचणार नाही.

इमॅजिका हे थीम पार्क 2013 मध्ये खोपोली–पाली रस्त्यावर सुरू झालं. मुंबईचं किंवा पुण्याचं कुटुंब तिथं सकाळी घरून निघून जातं. नाश्ता, आंघोळी, एक्स्प्रेसवेवरची कोंडी, आणि दार उघडून दीड-दोन तास झाले की बहुतेक जण आत येतात. अकोल्याचं किंवा अमरावतीचं कुटुंब मात्र आदल्या संध्याकाळी मुंबईच्या अंबा एक्स्प्रेसमध्ये बसतं आणि पहाटे कल्याणला उतरतं. तिथून कर्जतमार्गे खोपोलीची लोकल मिळते. दार साडेदहा-अकराच्या सुमारास उघडणार असेल तर या कुटुंबाला लवकर येण्याचा काहीच जास्तीचा त्रास पडत नाही. प्रवासानं त्यांना आधीच तिथं आणून सोडलेलं असतं. रात्रीची मोडकी झोप ही किंमत त्यांनी कुठल्याही परिस्थितीत मोजलेलीच असते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पार्कात दोन वेळा रांगा आखूड असतात, पहिल्या तासात आणि शेवटच्या तासात. पुण्याच्या माणसाला शेवटचा तास घेता येतो. रात्री उशिरा तो घरी पोहोचतो. परतीची अंबा एक्स्प्रेस रात्री आठच्या सुमारास मुंबईहून सुटते आणि नऊच्या आत कल्याणला येते. ती गाठायची तर वऱ्हाडी कुटुंबाला पार्क पाच-साडेपाचलाच सोडावं लागतं. म्हणजे शेवटचा स्वस्त तास त्यांच्या हातात नाही. त्यांच्याकडे पहिलाच तास आहे, आणि तो गेला की उरते ती फक्त दुपारची 80 मिनिटांची रांग. मुक्काम करणार नसाल तर सकाळी दारात असणं अकोलेकरासाठी जवळजवळ सक्तीचं आहे.

तो तास कुठं खर्च करायचा, हेही ठरवून जावं. दारातून आत शिरलेला लोंढा समोर दिसणाऱ्या पहिल्या राईडकडे वळतो आणि तिथं दहा मिनिटांत रांग तयार होते. त्याकडे पाठ फिरवून थेट सर्वांत मोठ्या कोस्टरकडे चालावं. इमॅजिकात तो नायट्रो. 132 फुटांची उंची आणि ताशी 105 किलोमीटरचा वेग. पण बरोबर लहान मुलं असतील तर त्यांची उंची घरीच मोजून घ्या. मोठ्या राईडला उंचीची अट असते, आणि रांगेच्या टोकाशी पोहोचल्यावर पट्टीखाली उभं राहून रडणारं पोर सांभाळणं फार अवघड जातं. आठ-नऊ वर्षांचं लेकरू असेल तर सकाळचा तास त्याच्या राईडला द्यावा. जेवण सगळ्यांच्या आधी, बाराच्या आत उरकावं. खाण्याच्या काउंटरलाही तोच नियम लागू आहे. भर दुपारी शो आणि छताखालच्या गोष्टी. जास्तीचे पैसे भरून रांग चुकवण्याचा एक्स्प्रेस पासही मिळतो. सकाळी दारात असलेल्या कुटुंबाला त्याची फारशी गरज पडत नाही, दुपारी पोहोचलेल्याला तो घ्यावासा वाटतो. म्हणजे लवकर येण्याची किंमत रुपयांत किती, याचा अंदाज त्या पासाच्या दरावरून बांधता येतो.

नागपूर रस्त्यावर बाजारगावजवळचं फन अँड फूड व्हिलेज किंवा तसलं कुठलंही वॉटर पार्क घेतलं तर रांगेपेक्षा ऊन मोठं आहे. मे महिन्यात इकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो. घसरगुंडीच्या जिन्यावर अनवाणी उभं राहायचं असतं, आणि दुपारी तो जिना चटके देतो. तिथं सकाळी जाण्याचा खरा फायदा पायांना आणि डोक्याला होतो. अकरा ते चार सावलीत किंवा पाण्यात बसावं आणि घसरगुंड्या सकाळीच करून घ्याव्यात.

मेळघाटच्या जंगल सफारीला मात्र ही मारामारी नाही. गाड्या ठरलेल्या, वेळ ठरलेली, आरक्षण आधीच झालेलं. गेटवर तासभर आधी जाऊन जागा वाढत नाही. तिथं सकाळची फेरी घ्यायची ती प्राण्यांसाठी, कारण ऊन चढल्यावर ते सावलीला जातात.

इतका वेळ आपण तासांचा हिशेब केला, पण दिवस निवडण्याचं महत्त्व तासापेक्षा मोठं आहे. शेगावला गुरुवारी, प्रकटदिनाला, रामनवमीला किंवा ऋषिपंचमीला पहाटे चारला निघालेला माणूसही मंगळवारी आरामात दहाला पोहोचलेल्या माणसापेक्षा जास्त वेळ उभा राहतो. श्रद्धेनं त्या खास दिवशीच जायचं असेल तर जरूर जावं, पण पहाटे उठून रांग टळेल ही आशा ठेवू नये. इमॅजिकाच्या बाबतीत वऱ्हाडला एक सोय आपोआप मिळाली आहे. इथल्या उन्हाळ्यामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, उरलेल्या महाराष्ट्राच्या जूनच्या मध्यालाच. मधल्या आठवड्यात मुंबई-पुण्याची पोरं वर्गात असतात आणि अकोला-अमरावतीची मोकळी. त्या आठवड्यातला एखादा मंगळवार किंवा बुधवार धरा. खोपोलीला तेव्हा पावसाळा सुरू झालेला असतो, जोराचा पाऊस किंवा विजा असल्या की उघड्यावरच्या राईड थांबवतात. म्हणून मोठी राईड तेव्हाही सकाळीच उरकावी, आणि पाऊस आलाच तर छताखालच्या राईडकडे वळावं. रेनकोट मात्र घरून न्यावेत.